चांदीतील जीवाश्म : डायनोसॉरांच्या स्मारक नाण्यांची चिकित्सा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पाली येथे बल्लाळेश्वराच्या देवळाभोवतीच्या बाजारात चांदीचे नाणे म्हटले की ग्राहकाच्या डोळ्यांपुढे गणपती उभा राहतो. धनत्रयोदशीला आणि लक्ष्मीपूजनाला सराफाकडून घेतले जाणारे हे नाणे कायद्याच्या भाषेत नाणेच नव्हे. ती धातूची मुद्रांकित चकती होय. तिच्यावर दर्शनी किंमत नसते, राज्याची खूण नसते; असतो तो धातूचा कस, वजन आणि देवता. याच पूजेच्या ताटात अनेक घरांतून एखादा राणीछाप रुपयाही ठेवलेला आढळतो. तो एके काळी बाजारातून फिरलेला, वाजवून पारखलेला, सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा खराखुरा चलनी रुपया. एक नाणे श्रद्धेने नाणे झालेले, दुसरे राजाज्ञेने. चांदीच्या नाण्याचा तिसरा एक प्रकार गेल्या काही दशकांत जगभर फोफावला आहे. त्याच्यावर राज्याची खूण असते आणि दर्शनी किंमतही असते. परंतु ते बाजारात कधी फिरत नाही आणि देवघरातही जात नाही. प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन ते संग्राहकाच्या कपाटात राहते. या तिसऱ्या प्रकारातील एक मोठे आणि लोकप्रिय कुळ म्हणजे डायनोसॉरांची चित्रे असलेली स्मारक नाणी.

नाण्यांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे ते प्रामुख्याने इतिहासाचे साधन म्हणून नाण्याकडे पाहणारे आहे. राजांची नावे, सन, टांकसाळीचे स्थान, धातूचा कस यांच्या आधारे इतिहासाची साखळी जुळवणे हे त्या लेखनाचे उद्दिष्ट. पण आज पाडले जाणारे स्मारक नाणे हीही एक रचना आहे. तिच्यात प्रतिमा आहे, अक्षरे आहेत, निवड आहे आणि वगळणूकही आहे. कविता किंवा शिल्प यांची जशी समीक्षा होते तशी या रचनेची का होऊ नये? प्रस्तुत लेखात हा प्रश्न डायनोसॉरांच्या नाण्यांपुरता मर्यादित ठेवला आहे. ‘स्मारक’ या शब्दात स्मरण अभिप्रेत आहे. जो प्राणी कोणत्याही मानवाने पाहिला नाही, ज्याच्या काळात राष्ट्र सोडाच, मनुष्यही नव्हता, त्याचे स्मरण एखादे राज्य कशाच्या आधारे करते, हा येथील कळीचा मुद्दा आहे.

१९९३ : तीन राज्ये आणि एक टांकसाळ

या कुळाचा इतिहास पाहताना १९९३ हे वर्ष टाळता येत नाही. त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘ज्युरासिक पार्क’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि डायनोसॉर ही जागतिक बाजारपेठेतील वस्तू बनली. त्याच वर्षी इंग्लंडमधील पॉबजॉय मिंट या खाजगी टांकसाळीने ‘पृथ्वीचे रक्षण करा’ अशा अर्थाच्या घोषवाक्याखाली एक मालिका काढली. खाजगी टांकसाळीला स्वतःच्या नावाने नाणे पाडता येत नाही. त्यासाठी कोणत्या तरी राज्याची संमती लागते. या मालिकेतील नाणी जिब्राल्टर, एरिट्रिया आणि बोस्निया-हर्झेगोविना यांच्या नावाने निघाली.

यांतील एरिट्रिया २४ मे १९९३ रोजी स्वतंत्र झाला. तीस वर्षांच्या सशस्त्र लढ्यानंतर जन्मलेल्या या राष्ट्राच्या नावाने पहिल्याच वर्षी जी नाणी निघाली त्यांच्यावर ट्रायसेराटॉप्स आणि अँकिलोसॉरस होते. हे दोन्ही प्राणी उत्तर अमेरिकेतील जीवाश्मांवरून ज्ञात झालेले आहेत. नाण्यांवरची किंमत ‘डॉलर’मध्ये होती. एरिट्रियात त्या वेळी इथिओपियाचा बिर चालत होता आणि १९९७ मध्ये त्या देशाने स्वतःचे नाक्फा हे चलन सुरू केले. डॉलर नावाचे चलन तेथे कधीच नव्हते. म्हणजे नाण्यावर राज्य खरे, प्राणी परका आणि किंमत काल्पनिक. नव्या राष्ट्राच्या पहिल्या नाण्यावर त्याच्या मुक्तिलढ्याची एखादी खूण असती तर ते नाणे कसे दिसले असते, ही कल्पना वाचकाने स्वतःच करून पाहावी.

बोस्नियाचे उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे. सारायेव्हो शहर एप्रिल १९९२ पासून वेढ्यात होते. पाणी, वीज आणि अन्न यांसाठी लोक गोळीबारात रांगा लावत होते. त्या देशाच्या नावाने १९९३ मध्ये ५०० दिनाराचे जे नाणे निघाले त्याच्या एका बाजूस राष्ट्रचिन्ह व त्याखाली मोस्तार येथील जुना पूल होता आणि दुसऱ्या बाजूस ब्रॉन्टोसॉरस. चांदीतही त्याची आवृत्ती निघाली. नेरेत्वा नदीवरचा सोळाव्या शतकातील तो दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्यात कोसळला. नाणे ज्या वर्षाचे, त्याच वर्षी त्याच्यावरची वास्तू नष्ट झाली. नंतर, २००४ मध्ये, पूल पुन्हा बांधला गेला हा भाग वेगळा. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. नाण्याची जी बाजू केवळ औपचारिकता म्हणून कोरली गेली, तीच पुढे खरे स्मारक ठरली; आणि जी बाजू विकण्यासाठी कोरली गेली होती तिचा त्या भूमीशी कोणताच संबंध उरला नाही. संग्राहकांच्या सूचींत मात्र हे नाणे आजही ‘ब्रॉन्टोसॉरस’ याच नावाने ओळखले जाते, पुलाच्या नावाने नव्हे.

या मालिकेच्या समर्थनार्थ असे म्हटले जाऊ शकते की नव्या किंवा संकटग्रस्त राज्यांना अशा परवान्यातून उत्पन्न मिळते आणि त्यात कोणाचे नुकसान नाही. आर्थिक दृष्टीने हे मान्य करता येईल. परंतु समीक्षेचा प्रश्न उत्पन्नाचा नाही. नाणे ही राज्याची सही असते. आणि सही भाड्याने दिली की सहीखालचा मजकूर कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला मिळतो.

नाव, साल आणि बदलते शरीर

त्याच बोस्नियन नाण्यावरील नाव आणखी एका कारणाने विचारात घेण्याजोगे आहे. ‘ब्रॉन्टोसॉरस’ हे नाव पुराजीवशास्त्राने १९०३ मध्येच बाजूला सारले होते. तो प्राणी आधी नामकरण झालेल्या अ‍ॅपॅटोसॉरसपासून वेगळा नाही, असे त्या वेळी ठरले. लोकांनी मात्र ते नाव सोडले नाही. त्यामुळे १९९३ मध्ये चांदीवर कोरले गेलेले नाव शास्त्रीय दृष्ट्या नव्वद वर्षे जुने आणि अग्राह्य होते. पुढे २०१५ मध्ये सांगाड्यांच्या तपशीलवार तुलनेवर आधारलेल्या एका संशोधनाने हे दोन प्राणी भिन्न असल्याचे मांडले आणि नाव पुन्हा ग्राह्य ठरवले. नाणे तेच, धातू तोच. पण त्याच्यावरचे अक्षर आधी चूक होते आणि नंतर बरोबर ठरले. अर्थात याचे श्रेय नाण्याला देण्याचे कारण नाही.

या घटनेतून डायनोसॉरांच्या नाण्यांपुढील मूळ पेच स्पष्ट होतो. धातूचे माध्यम स्थिर असते, तर डायनोसॉराचे शरीर हे एक अनुमान असते आणि ते सतत बदलत असते. लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात १८५४ मध्ये उभारलेल्या प्रतिकृतींत इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवले होते. बेल्जियममध्ये १८७८ मध्ये संपूर्ण सांगाडे सापडल्यानंतर ते शिंग नसून हाताच्या अंगठ्याचे हाड असल्याचे निश्चित झाले. राजाचा चेहरा कोरताना मूर्तिकारासमोर राजा असतो. डायनोसॉर कोरताना त्याच्यासमोर त्या दिवसापर्यंतचे मत असते. तेव्हा प्रामाणिक नाण्याने मत म्हणूनच मत कोरले पाहिजे.

ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२० मध्ये काढलेली ५० पेन्सची तीन नाणी या कसोटीवर बरीच उतरतात. मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस हे त्यांचे विषय. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये ‘डायनोसॉरिया’ हा वर्ग कल्पिला तो याच तीन प्राण्यांच्या आधारे. आणि तिन्ही प्राणी इंग्लंडच्या भूमीत सापडलेले. चित्रे रॉबर्ट निकोल्स या पुराजीवांच्या चित्रकाराने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या सहकार्याने तयार केली. ही नाणी साध्या मिश्रधातूत तसेच चांदीत व सोन्यातही निघाली. पण त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण भाग चित्राचा नसून लेखनाचा आहे. प्राण्याच्या नावाबरोबर तेथे नामकरण करणाऱ्याचे नाव आणि साल कोरले आहे : मेगॅलोसॉरससाठी बकलंड १८२४, इग्वानोडॉनसाठी मँटेल १८२५, हायलिओसॉरससाठी मँटेल १८३३. एवढ्या एका तपशिलाने नाण्याचा अर्थ पालटतो. स्मरण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे होत नाही. ते एका विशिष्ट साली एका माणसाने हाड हातात घेऊन त्याला नाव दिले, त्या कृतीचे होते. ती कृती मात्र ऐतिहासिक आहे. तिला सन आहे, स्थळ आहे, आणि म्हणून तिचे स्मारक होऊ शकते. चित्र उद्या चुकीचे ठरले तरी ‘बकलंड १८२४’ हे खरेच राहील.

चांदीचे काम काय?

कॅनडाच्या टांकसाळीची दोन नाणी शेजारी ठेवून पाहिली तर धातूविषयीही काही निष्कर्ष हाती लागतात. २००७ पासून त्या टांकसाळीने ४ डॉलरच्या शुद्ध चांदीच्या नाण्यांची एक मालिका काढली. पॅरासॉरोलोफस, ट्रायसेराटॉप्स, टायरॅनोसॉरस रेक्स असे तिचे विषय. तिच्यात सांगाड्याचा भाग मुद्दाम काळवंडवलेला आहे, जेणेकरून झळझळीत चांदीतून जणू खडकातले हाड वर यावे. कारागिरी देखणी आहे यात शंका नाही. पण चांदीला जुनेपणा आणण्यासाठी तिच्यावर रसायन चढवावे लागते, तेव्हा तो धातू या विषयाला स्वाभाविक नाही, हेही उघड होते. चांदीचा गुण उजळपणा. जीवाश्माचा गुण मातकटपणा.

त्याच टांकसाळीने २०१२ मध्ये २५ सेंटचे एक मोठ्या आकाराचे नाणे काढले. ते चांदीचे नाही. त्याच्यावर पॅकिऱ्हायनोसॉरस लाकुस्टाय हा शिंगाळ्या वर्गातील प्राणी आहे. उजेडात तो सजीव दिसतो. अंधारात नाण्यावरील द्रव्य चमकू लागते आणि त्या जागी त्याचा सांगाडा दिसतो. युक्ती खेळण्यासारखी आहे, असे म्हणून ती मोडीत काढणे सोपे. तरीही मांस हे अनुमान आणि हाड हा पुरावा, हा पुराजीवशास्त्राचा मूलभूत भेद इतक्या थेटपणे सांगणारे दुसरे नाणे दाखवता येणार नाही. शिवाय या प्राण्याच्या नावातच एक कथा आहे. अल् लाकुस्टा या ग्रँड प्रेअरी येथील शाळेतील विज्ञानशिक्षकाला १९७४ मध्ये अल्बर्टा प्रांतातील पाइपस्टोन ओढ्याच्या काठी हाडांचा थर आढळला. उत्खनन आणि अभ्यास यांत तीन दशके गेली. २००८ मध्ये नवी जाती म्हणून तिचे वर्णन झाले, तेव्हा तिला त्या शिक्षकाचे नाव मिळाले. एका शालेय शिक्षकाचे निरीक्षण राष्ट्राच्या नाण्यापर्यंत पोहोचले आहे. महाविद्यालयीन अध्यापकाला या नाण्याविषयी किंचित मत्सर वाटला तर तो क्षम्य मानावा.

चांदीचे जुने काम वेगळे होते. चांदी म्हणजे विश्वास. ‘नाणे वाजवून घेणे’ हा मराठीतील वाक्प्रचार त्या विश्वासाच्या परीक्षेतून आला. दुकानदार रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐके. नाणे हजारो हातांतून जाई आणि प्रत्येक हात त्याचा वाचक असे. या वाचनाचे सामर्थ्य किती होते याचा दाखला १९११ च्या रुपयाने दिला आहे. पंचम जॉर्जच्या त्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकमालेत एक बारीकसा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके कोरले गेले की लोकांना तो डुक्कर दिसला. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत मिळून सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती. त्यांपैकी सुमारे ७ लाख बाहेर पडल्यावर असंतोष उसळला. उरलेली वितळवावी लागली आणि १९१२ च्या ठशात हत्तीची आकृती सुधारून घेण्यात आली. नाणेशास्त्राच्या ग्रंथांत तो रुपया आजही डुकराच्याच नावाने ओळखला जातो. काही मिलिमीटरच्या एका प्राण्याचे चित्र चुकले म्हणून साम्राज्याला लाखो रुपये मुशीत घालावे लागले, कारण लोक ते नाणे खरोखर पाहत होते.

डायनोसॉरांच्या चांदीच्या नाण्यांवरील चित्रे अनेकदा याहून अधिक चुकीची असतात. शेपूट जमिनीवर ओढत जाणारे, चुकीच्या काळातील वनस्पतींच्या सोबतीने उभे केलेले प्राणी त्यांच्यावर सर्रास दिसतात. कोणी तक्रार करीत नाही, कारण ती कोणाच्या हाती पडत नाहीत. डबीबाहेर काढले तर त्यांची किंमत उतरते, असा संग्राहकांचा नियम आहे. जे नाणे बोटांनी वाचले जात नाही त्याला चूक करण्याची मुभा मिळते. ही मुभा या प्रकारातील मोठा दोष होय.

भारतीय अनुपस्थिती

येथवरच्या विवेचनात भारताचे नाव केवळ पारतंत्र्यातील रुपयाच्या निमित्ताने आले, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. भारताच्या नाण्यांवर प्राण्यांची उणीव नाही. १९४६-४७ च्या निकेलच्या नाण्यांवर वाघ होता. १९५० च्या मालिकेत अशोकस्तंभाच्या सिंहांसोबत पैशावर घोडा आणि आण्यांवर बैल आला. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या १० रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी होती आणि वजन १५ ग्रॅम होते. तेव्हापासून चांदीच्या स्मारक नाण्यांची परंपरा येथे सुरू आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या पन्नास वर्षांनिमित्त एप्रिल २०२३ मध्ये ५० रुपयांचे नाणे निघाले. परंतु भारतात सापडलेला एकही डायनोसॉर भारतीय नाण्यावर आलेला नाही.

भारतीय स्मारक नाण्यांची एक अंगभूत मर्यादा येथे आड येते. अलीकडे त्यांची दर्शनी किंमत ही वर्षगणतीवरून ठरवली जाते. गुरू नानक यांच्या ५५० व्या जयंतीला ५५० रुपये, संसदेच्या नव्या वास्तूच्या वेळी स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला अनुसरून ७५ रुपये, अशी ही रीत. किंमत हीच शिलालेख झाली आहे. या रीतीने डायनोसॉराचे नाणे पाडायचे म्हटले तर त्याची किंमत सहा कोटी साठ लाख रुपये ठेवावी लागेल. आणि २०११ च्या नाणे अधिनियमाने हजार रुपयांहून अधिक किमतीच्या नाण्याला परवानगी दिलेली नाही. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतोच. आपल्या स्मारक नाण्याची कल्पना जयंती, पुण्यतिथी आणि वर्धापनदिन यांत अडकलेली आहे. ज्ञानातील एखाद्या शोधाला तिच्यात सहजासहजी जागा सापडत नाही.

टपाल तिकिटाने मात्र ही जागा फार पूर्वी शोधली होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या शताब्दीनिमित्त १३ जानेवारी १९५१ रोजी भारत सरकारने दोन आण्यांचे एक तिकीट काढले. त्याच्यावर स्टेगोडॉन गणेशा या लुप्त गजकुळातील प्राण्याचे पुनर्चित्र आहे. प्रागैतिहासिक प्राण्याचे असे चित्र असलेल्या जगातील अगदी आरंभीच्या तिकिटांत त्याची गणना होते. शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांवर काम करणारे फॉकनर आणि कॉटली यांनी १८४० च्या दशकात या प्राण्याला गणेशाचे नाव दिले होते. त्याआधी १८३६ मध्ये त्यांनी जिराफाच्या कुळातील एका प्राण्याला शिवाचे नाव देऊन शिवाथेरियम म्हटले होते. स्टेगोडॉन गणेशा ही स्वतंत्र जाती मानावी की स्टेगोडॉन इन्सिग्निसमध्येच तिचा समावेश करावा, याविषयी पुढील संशोधकांनी दुसरे मत दिले; म्हणजे येथेही नाव अस्थिर आहे. पण तिकिटाची निवड चोख होती. विषय भारताच्या भूमीतला, प्रसंग संस्थेच्या कार्याचा आणि नाव येथील संस्कृतीतून घेतलेले. पालीसारख्या अष्टविनायकांच्या गावी गणपतीच्या चांदीच्या नाण्यांची खरेदी दरवर्षी होत असते. त्या गावातील किती अध्यापकांना ठाऊक असेल की गणेशाच्या नावाचा एक जीवाश्म स्वतंत्र भारताच्या तिकिटावर येऊन गेला आहे?

संबंध कोणता मानावा?

डायनोसॉरांच्या नाण्यांना येथे ‘संबंधा’ची कसोटी लावली, तिच्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. भारतीय डायनोसॉर म्हणजे काय? ज्या काळी ते प्राणी वावरत होते त्या काळी भारत हा आशियाला जोडलेलाही नव्हता. तेव्हा मेलेल्या प्राण्याला आजचे राष्ट्रीयत्व देणे हा त्याच बाजारी वृत्तीचा दुसरा अवतार नव्हे काय? आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच कसोटी अधिक नेमकी केली पाहिजे. संबंध मालकीचा नसून शोधाचा आणि सांभाळाचा आहे. हाड कोणी शोधले, कोणी ओळखले, कोणत्या कपाटात ते जपले गेले, यावर राज्याचा स्मरणाचा हक्क अवलंबून असतो.

या अर्थाने पाहता भारताचा हक्क ठळक आहे, पण निष्कलंक नाही. जबलपूर येथे स्लीमन या अधिकाऱ्याला १८२८ मध्ये काही मोठे मणके सापडले. १८७७ मध्ये लिडेकरने त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. भारतातील हा पहिला नामांकित डायनोसॉर. कालांतराने तो मूळ नमुना हरवला. कित्येक दशके जगभरच्या संशोधकांना केवळ जुन्या आकृत्यांवर विसंबून राहावे लागले. २०१२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या कोलकात्यातील संग्रहातच धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा मिळाला. हरवलेले हाड आपल्याच घरात होते. या कथेचे नाणे काढायचे तर त्याच्यावर दोन साले कोरावी लागतील, १८७७ आणि २०१२. आणि दुसरे साल पहिल्याइतकेच बोलके असेल.

महाराष्ट्रापुरते पाहिले तरी सामग्री विपुल आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळचे कोटा हे गाव एका संपूर्ण खडकसमूहाला नाव देऊन बसले आहे. त्याच खडकसमूहातून, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, १९६० च्या सुमारास बारापासॉरसचे अवशेष काढले गेले. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले तेव्हा प्रजातीचे नाव रवींद्रनाथ टागोरांवरून टागोराय असे ठेवण्यात आले, आणि ‘बारापा’ म्हणजे मोठा पाय हा शब्द भारतीय भाषांतून घेतला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या सांगाड्याचे वर्णन १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी केले. २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतलेले हे नाव. एका संख्याशास्त्रीय संस्थेने डायनोसॉर उकरावेत आणि त्यातल्या एकाला तिचे नाव मिळावे, ही भारतीय विज्ञानातील विलक्षण हकीकत आहे. ती मराठी वाचकांत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही.

पालीच्या परिसरात हाडे सापडणार नाहीत. गावावर ओणवा असलेला सरसगड आणि त्यापलीकडचा सुधागड हे बेसाल्टचे डोंगर. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून हा खडक थराथराने साचला. डायनोसॉरांच्या अंताचा काळही तोच. लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. ती टिकली लाव्ह्याच्या खालच्या आणि मधल्या गाळात, पूर्वेकडे चंद्रपूरच्या बाजूला. कोकणातील अध्यापकाने वर्गात विद्यार्थ्यांना खिडकीतून सरसगड दाखवून त्या काळाविषयी बोलावे इतका तो काळ जवळ आहे. तरीही शाळकरी मुलाच्या वहीवर चिकटवलेला डायनोसॉर नेहमी अमेरिकेतलाच असतो. बोस्निया आणि एरिट्रियाच्या नाण्यांवर ज्या बाजारपेठेने आपले प्राणी बसवले, तीच बाजारपेठ त्या वहीपर्यंत आली आहे.

भारतीय टांकसाळीने उद्या या विषयाकडे पाहायचे ठरवले तर धोका एकच संभवतो. जबडा पसरलेला राजासॉरस कोरून मोकळे होण्याचा मोह होईल. नर्मदेच्या खोऱ्यातील हा मांसाहारी प्राणी २००३ मध्ये वर्णिला गेला आणि त्याच्या नावातच ‘राजा’ असल्याने तो विकलाही जाईल. त्याहून चांगला विषय चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा या गावी आहे. तेथे टायटॅनोसॉर कुळाची हाडे मिळाली. एका जातीचे नामकरण लिडेकरने १८७९ मध्ये तेथील नमुन्यांवरून केले. पण पिसदुऱ्याची खरी कीर्ती तेथील अश्मीभूत विष्ठेमुळे झाली आहे. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या विष्ठेच्या तुकड्यांत गवताच्या पेशींतील सूक्ष्म सिलिकाकण दाखवून दिले. गवत हे डायनोसॉरांच्या नंतर आले, असा तोपर्यंत समज होता. तो या तुकड्यांनी मोडला. २०११ मध्ये त्याच संशोधकांनी मध्य भारतातील अशाच नमुन्यांतून भाताच्या कुळातील गवताचे कण ओळखले.

अंबा नदीच्या दोन्ही तीरांवर पालीच्या शिवारात पावसाळ्यात भात लावला जातो आणि अंगणे अजूनही काही घरांतून शेणाने सारवली जातात. या शिवारातल्या माणसाला पिसदुऱ्याचा तुकडा समजावून सांगायला फारसे शब्द लागणार नाहीत. चांदीच्या चकतीवर तो कोरायचा झाला तर मूर्तिकाराला जबडा, नखे, शेपूट यांपैकी काही हाताशी नसेल. मध्यभागी ओबडधोबड एक गोळा, त्याच्या छेदात भाताच्या कुळातल्या गवताचे कण, आणि कडेने गावाचे नाव व २००५ हे साल.